सोलापूरच्या हवेत कॉकटेलची वीण: पेटी सगळ्यात शेवटी

दर फेब्रुवारी-मार्चमध्ये मला एकाच तऱ्हेचे फोन येतात. "पाच अंडी होती, एकही फुटलं नाही." "पिलं झाली, आठव्या दिवशी गेली." "मादी अंडी टाकते आणि लाथाडते." मी आधी विचारतो, अंडी घालायची पेटी कधी लावली? बहुतेकांचं उत्तर असतं, पक्षी आणले त्याच दिवशी. तिथेच हंगाम हातचा जातो. पेटी दिसली की कॉकटेल (कॉकटिएल, म्हणजे तुऱ्याचे छोटे ऑस्ट्रेलियन पोपट) अंड्यांच्या मागे लागतात. मादीच्या अंगात कॅल्शियम आहे का, जोडी जुळली आहे का, बाहेर चाळीस अंश होणार आहेत का, याचा विचार पक्षी करत नाही. तो आपण करायचा.

हा लेख कॉकटेलवर आहे, कारण छोट्या पक्षी उद्यानात विणीला सुरुवात करताना हाच पक्षी सर्वात समजून घेणारा आहे. बजरी (बजरीगर हा छोटा पोपट) आणि लव्हबर्ड जिथे वेगळे वागतात तिथे तसं सांगितलं आहे. टप्पे दिलेल्या क्रमानेच करा.

टप्पा १: कागद

पोपट आणि करण पोपट हे आपले देशी पक्षी. मुनियाही देशीच. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ प्रमाणे ते पाळणं गुन्हा आहे, मग बाजारात कोणी कितीही उघडपणे विकत असो. वीण लावायची ती परदेशी पक्ष्यांचीच.

परदेशी पक्ष्यांनाही २०२२ च्या दुरुस्तीने चौथ्या अनुसूचीत आणलं आहे. त्यात साइट्स कराराच्या (धोक्यातल्या वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) परिशिष्टांतल्या जाती येतात. सन कोन्युर, मकाऊ, आफ्रिकन ग्रे, फिशर लव्हबर्ड या यादीत आहेत आणि त्यांची नोंदणी केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश २.० पोर्टलवर करावी लागते. पिलं झाली, पक्षी मेला किंवा दुसऱ्याला दिला, तर तेही तिथे कळवायचं असतं. कॉकटेल, बजरी आणि गुलाबी तोंडाचा पीच-फेस लव्हबर्ड या परिशिष्टांत नाहीत. तरीही खरेदीची पावती आणि पक्ष्याच्या पायातल्या रिंगचा नंबर यांची वही पहिल्या दिवसापासून ठेवा.

लोकांना दाखवण्यासाठी पक्षी ठेवणार असाल तर केंद्रीय प्राणिसंग्रहालय प्राधिकरणाची मान्यता हा वेगळा विषय आहे. कायद्याच्या कलम ३८ एच मध्ये तो येतो. पिंजरे बांधायला घेण्याआधीच वनविभागात जाऊन विचारा. बांधून झाल्यावर मापं बदलायला सांगितली की खर्च दुप्पट होतो.

टप्पा २: वर्षाचं वेळापत्रक

पुस्तकातलं किंवा पुण्या-कोल्हापूरच्या मित्राचं वेळापत्रक इथे चालत नाही. सोलापुरात मार्चच्या मध्यापासून ऊन चढतं आणि एप्रिल-मेमध्ये पारा ४२-४३ च्या वर जातो. पक्ष्याला घामाच्या ग्रंथी नसतात. तो चोच उघडी ठेवून धापा टाकतो, पंख अंगापासून दूर धरतो. मोठा पक्षी तरी जागा बदलतो. पेटीतलं उघडं पिलू कुठे जाणार?

पहिल्या वर्षी मी मार्चमध्ये पेट्या लावल्या. एप्रिलच्या शेवटी दोन दुपारींत अकरा पिलं गेली. पेटीत हात घातला तर भाकरीच्या तव्याजवळ हात नेल्यासारखं वाटलं होतं. तेव्हापासून माझं वेळापत्रक असं आहे:

- ऑगस्ट-सप्टेंबर: नवे पक्षी आणणं, वेगळे ठेवणं, तपासणी.
- ऑक्टोबर: जोड्या लावणं, खाणं वाढवणं.
- दिवाळी संपल्यावर: पेटी. दिवाळी नोव्हेंबरच्या मध्यावर आली तरी थांबायचं.
- नोव्हेंबरअखेर ते डिसेंबर: पहिल्या खेपेची अंडी आणि पिलं.
- फेब्रुवारीचा पहिला आठवडा: दुसऱ्या खेपेचं पहिलं अंडं तोवर आलं नसेल तर पेटी काढून घ्यायची.
- गुढीपाडव्याच्या आसपास: सगळ्या पेट्या खाली.

दिवाळीचं कारण आवाज. कॉकटेल रात्री दचकून अंधारात जाळीवर आपटतात, पंखांची पिसं रक्ताळतात, मादी अंड्यांवरून उठते आणि काळोखात परत पेटी सापडत नाही. असाच धोका जानेवारीत संक्रांतीला, सिद्धेश्वर यात्रेच्या शोभेच्या दारूकामाच्या रात्री असतो. तेव्हा पिलं पेटीतच असतात, पेटी काढता येत नाही. म्हणून विणीच्या खोलीत रात्रभर झिरो बल्ब लावतो आणि त्या चार-पाच दिवसांत संध्याकाळी बाहेरच्या बाजूने जुन्या जाड चादरी टाकतो. आवाज पूर्ण थांबत नाही, पण उजेडाचे झोत थांबतात आणि पक्ष्याला परतीची वाट दिसते.

टप्पा ३: जागा

पश्चिमेची भिंत भरीव हवी, निदान तिथे ७५ टक्क्यांची शेडनेट दुहेरी लावलेली हवी. सोलापूरचं ऊन छळतं ते दुपारी तीन ते सहा. छताला पत्रा असेल तर वरून चुना मारा आणि त्यावर कडब्याच्या पेंढ्या बांधा. ज्वारीचा कडबा इथे सहज मिळतो. मात्र त्यात उंदीर घर करतात आणि एक ठिणगी पुरते, म्हणून वायरिंगजवळ कडबा नको आणि पावसाळ्याआधी तो उतरवायचाच.

कॉकटेलची वीण मोठ्या मोकळ्या पिंजऱ्यात एकत्र लावू नका. बजरी थव्यात अंडी घालते, तरी माद्या पेटीसाठी मारामारी करतात. कॉकटेल तर एकमेकांच्या पेटीत घुसून दोघांची अंडी थंड करतात. प्रत्येक जोडीला स्वतंत्र पिंजरा द्या: किमान ४ फूट लांब, २ फूट रुंद, २ फूट उंच. लोकांना दाखवायचा मोठा पिंजरा वेगळा आणि वीण पाहुण्यांच्या नजरेआड. लहान मुलांनी जाळीवर हात मारला की अंड्यावर बसलेली मादी उठते, आणि रविवारी असं पन्नास वेळा होतं.

जाळी अर्ध्या इंचाची. त्याहून मोठ्या भोकातून उंदराची पिलं आणि छोटे साप आत येतात. जाळी जमिनीखाली दीड फूट गाडा. दाराला दुसरं दार हवं, दोन्हींच्या मध्ये माणूस उभा राहील एवढी जागा ठेवून.

सावध: नव्या गॅल्वनाइज्ड जाळीवर जस्ताचे थेंब आणि पावडर असते. पक्षी ते चावतो आणि विषबाधा होते. जाळी लावण्याआधी व्हिनेगर आणि ताठ ब्रशने घासून, पाण्याने धुऊन आठवडाभर उन्हात ठेवा.

बसायच्या काठ्या कडुलिंबाच्या, वेगवेगळ्या जाडीच्या आणि पक्क्या बसवलेल्या हव्यात. काठी हलत असेल तर नराला मादीवर नीट उभं राहता येत नाही आणि अंडी रिकामी निघतात. ही चूक इतकी साधी आहे की कोणी तपासत नाही. आजच जाऊन प्रत्येक काठी हाताने हलवून बघा.

टप्पा ४: नवे पक्षी वेगळे ठेवणं

किमान ३० दिवस, जमल्यास ४५. वेगळी खोली, वेगळी भांडी, वेगळा झाडू. रोजचं काम जुन्या पक्ष्यांपासून सुरू करून नव्यांवर संपवायचं. पहिल्याच आठवड्यात विष्ठेचा नमुना पशुवैद्यकाकडे द्या. जंत आणि कॉक्सिडिया (आतड्यातले सूक्ष्म परजीवी) बाहेरून दिसत नाहीत.

रोज सकाळी किचनचा डिजिटल काटा वापरून वजन घ्या. निरोगी कॉकटेल साधारण ८० ते १०० ग्रॅमचं असतं. आठवड्यात ८-१० ग्रॅम उतरले तर पक्षी आजारी आहे, तो कितीही शिट्ट्या मारत असला तरी. पक्षी दुखणं लपवतात, काटा लपवत नाही.

पोपटवर्गी पक्ष्यांमधून सिटॅकोसिस नावाचा आजार माणसाच्या फुप्फुसात जाऊ शकतो. विष्ठा कोरडी झाडू नका. आधी पाणी शिंपडा, मास्क लावा. तळ्याकाठचे कावळे, बगळे, पारवे यांची विष्ठा पिंजऱ्यात पडू नये म्हणून छत भरीव ठेवा.

टप्पा ५: जोडी लावणं

मादी दीड वर्षाची झाल्याशिवाय नको. दुकानदार सांगेल की दहा महिन्यांत अंडी देते. देते, आणि अंडं अडकून मरतेही. बजरीला दहा-बारा महिने पुरतात.

साध्या करड्या रंगात नर-मादी ओळखणं सोपं आहे. पहिली पिसं झडल्यावर नराचं तोंड चकचकीत पिवळं होतं. मादीच्या शेपटीखाली आडवे पट्टे आणि पंखांखाली पिवळे ठिपके राहतात. पाइड (चट्ट्यापट्ट्यांच्या) रंगात हे काही चालत नाही. तिथे पिसावरून डीएनए तपासणी करून घ्या. दोन माद्याही जोडीसारख्या राहतात आणि पेटीत आठ-दहा अंडी साठतात. आठ-दहा अंडी दिसली की दोन माद्यांचीच शंका घ्या.

तपासा: दोघं एकाच घरातले भाऊ-बहीण नाहीत ना? एका दुकानातून, एका दिवशी, एका पिंजऱ्यातून घेतलेली जोडी बहुतेकदा सख्खी असते. नर एकीकडून, मादी दुसरीकडून घ्या. लुटिनोला (पिवळसर पांढऱ्या, लाल डोळ्यांच्या पक्ष्याला) लुटिनो लावू नका. तुऱ्यामागचं टक्कल पिढीगणिक वाढत जातं.

जोडी महिनाभर पेटीशिवाय एकत्र राहू द्या. एकमेकांची मान खाजवतात, शेजारी झोपतात, एकत्र खातात, एवढं दिसलं की जुळली. नर मादीला खाण्यापासून हाकलत असेल तर जोडी बदला.

टप्पा ६: खाणं, पेटीच्या सहा आठवडे आधी

माझं मिश्रण असं: राळे चार भाग, बाजरी दोन, कनेरी (कॅनरी सीड) दोन, ज्वारी एक, करडई अर्धा. सूर्यफूल फक्त थंडीच्या दिवसांत, मूठभर. करडई आपल्या भागात पिकते, ताजी मिळते, पण तेलकट आहे. जास्त दिली तर मादी चरबी धरते आणि अंडं अडकतं. एका पक्ष्याला दिवसाला साधारण १५ ग्रॅम दाणे लागतात. वाटीत वरचे फुटलेले टरफल बघून दाणे आहेत असं समजू नका, फुंकर मारून बघा.

दाण्यात कॅल्शियम आणि अ जीवनसत्त्व जवळपास नसतं. ते बाहेरून द्यायचं:

समुद्रफेस (कटलफिशचं हाड) कायम टांगलेला हवा. शेवग्याचा पाला आठवड्यातून चार वेळा. सोलापुरात प्रत्येक गल्लीत शेवगा आहे, महागड्या बाटल्यांच्या आधी हे करा. गाजर किसून, कोथिंबीर, मेथी. पालक क्वचित, तो कॅल्शियम शोषू देत नाही. उकडलेलं अंडं कवचासकट कुस्करून आठवड्यातून दोनदा आणि पिलं झाल्यावर रोज. मूग किंवा ज्वारीला मोड आणून द्या. आणि सकाळचं कोवळं ऊन, कारण त्याशिवाय अंगातलं कॅल्शियम कामाला लागत नाही.

सावध: मोड आणि अंडं सकाळी सातला ठेवलं तर नऊला काढा. आंबूस वास आला की फेकून द्या. अॅव्होकाडो, चॉकलेट, कांदा, खारे शेंगदाणे कधीच नको. नॉनस्टिक तवा पक्ष्यांच्या हवेत तापवू नका. त्याच्या धुराने पक्षी मिनिटांत मरतात.

पाण्याकडेही लक्ष द्या. शहरात नळाला पाणी रोज येत नाही, म्हणून सगळे ड्रममध्ये साठवतात. त्या ड्रमला शेवाळ धरतं आणि पिलांची हगवण तिथून सुरू होते. पक्ष्यांचं पाणी वेगळ्या झाकणाच्या भांड्यात ठेवा, भांडं आठवड्याला घासा, वाटी दिवसातून दोनदा बदला.

हिवाळ्यात दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो. संध्याकाळी दीड-दोन तास ट्यूब लावून तो तेरापर्यंत न्या, रोज एकाच वेळी. टायमर लावलेला बरा.

टप्पा ७: पेटी

लाकडाची किंवा प्लायची, ३० सेंटिमीटर लांब-रुंद-उंच, भोक साडेसहा-सात सेंटिमीटरचं, मागे उघडणारं दार. मडकं बजरीला चालतं. कॉकटेलला त्यात वळता येत नाही आणि अंडी फुटतात. तळाशी दोन इंच लाकडाचा भुगा, बारीक पावडर नको. देवदाराच्या सुवासिक भुशाने श्वास लागतो, तो टाळा. लव्हबर्ड स्वतः घरटं विणतो, त्याला नारळाच्या किंवा खजुराच्या ओल्या फांद्या द्या.

गुळगुळीत तळ ठेवलात तर पिलांचे पाय दोन बाजूंना फाकतात. पहिल्या दोन आठवड्यांत लक्षात आलं तर मऊ टेपने पाय जवळ बांधून सुधारता येतं, नंतर नाही.

चार-सहा जोड्यांना एकाच दिवशी पेट्या लावा. एका मादीने पिलं सोडली तर त्याच वयाच्या पिलांच्या पेटीत ती ठेवता येतात.

पेटी टांगण्याआधी तपासा: मादी दीड वर्षाची. दोघांचं वजन स्थिर. विष्ठा तपासलेली. काठ्या पक्क्या. दिवाळी संपलेली. यातलं एक जरी राहिलं असेल तर आज टांगू नका.

टप्पा ८: अंडी

पेटी लावल्यावर साधारण दहा-पंधरा दिवसांत पहिलं अंडं येतं, मग एक दिवसाआड, एकूण चार ते सहा. दुसऱ्या-तिसऱ्या अंड्यापासून जोडी नीट बसते. दिवसा बहुधा नर, रात्री मादी. बजरीत मादीच बसते. कॉकटेलचं अंडं १८ ते २१ दिवसांत फुटतं, बजरीचं १८, लव्हबर्डचं २१ ते २४.

प्रत्येक अंड्यावर मऊ पेन्सिलीने तारीख टाका. सातव्या दिवशी जोडी खाली आलेली असताना छोट्या टॉर्चवर अंडं धरा. लाल शिरांचं जाळं दिसलं तर भरलेलं. स्वच्छ पिवळं दिसलं तर रिकामं. रिकामी अंडी लगेच काढू नका, मादी संख्या भरून काढायला आणखी घालते.

आता आपल्याकडची सर्वात मोठी अडचण. पिलू पूर्ण वाढतं, कवचाला टोचतं आणि आतच मरतं. कारण कोरडी हवा. अंड्यातलं पाणी उबवताना हळूहळू उडायचंच असतं, पण आपल्याकडे ते फार उडतं आणि आतला पापुद्रा चामड्यासारखा होऊन पिलाला चिकटतो. माझ्या मीटरवर जानेवारीच्या दुपारी आर्द्रता ३० च्या आसपास दिसते. हवी ५० ते ६०. काही शे रुपयांचा आर्द्रतामापक घ्या, अंदाजावर जाऊ नका.

उपाय सोपा आहे. पिंजऱ्यात उथळ, रुंद आंघोळीचं भांडं रोज दुपारी बारापर्यंत ठेवा. जोडी स्वतः न्हाते आणि ओल्या पिसांनी अंड्यांना ओल देते. जोडी न्हात नसेल तर पेटीच्या भुग्याचा फक्त सर्वात खालचा थर हलका ओला करा आणि पेटीखाली ओलं पोतं टांगा. अंड्यांवर थेट पाणी शिंपडू नका, कवचातून जंतू आत जातात. फॉगर (पाण्याचं धुकं सोडणारं यंत्र) लावणार असाल तर बोअरचं जड पाणी नको, आठवड्यात नोझल बुजतात.

सावध: मादी पिसं फुगवून जमिनीवर बसली, शेपटी वरखाली करते आणि जोर लावते, तर अंडं अडकलं आहे. डिसेंबरच्या थंड पहाटे हे जास्त होतं. तिला लगेच छोट्या खोक्यात ३०-३२ अंश ऊब द्या, शेजारी गरम पाण्याचं भांडं ठेवा आणि त्याच तासात पशुवैद्यकाकडे न्या. तेल सोडणं, अंडं दाबून काढणं हे उपाय मादीला मारतात.

टप्पा ९: पिलं

अंडी एक दिवसाआड घातलेली असतात, म्हणून पिलंही मागेपुढे निघतात. धाकटं पिलू थोरल्यांच्या खाली दबतं. रोज सकाळी आणि संध्याकाळी फक्त एक गोष्ट बघा: गळ्याखालची पिशवी भरलेली आहे का. संध्याकाळी रिकामी दिसली तर ते पिलू रात्र काढणार नाही. त्याला दुसऱ्या जोडीत, थोड्या लहान पिलांसोबत हलवा.

नवव्या ते अकराव्या दिवशी पायात बंद (सांधा नसलेली) रिंग घाला, साडेपाच ते सहा मिलिमीटरची. तीन लांब बोटं पुढे एकत्र धरून रिंग सरकवायची आणि मागे राहिलेलं आखूड बोट हळूच सोडवायचं. सातव्या दिवशी घातली तर गळून पडते, चौदाव्याला जात नाही.

हाताने भरवण्याची घाई करू नका. माणसाळलेलं पिलू विकायला बरं, पण उद्यानात पुढे त्याच्याकडून वीण घ्यायची असेल तर आई-बापाने वाढवलेलंच उपयोगी पडतं. नाइलाजाने भरवावं लागलं तर पातळ खाणं ३८ ते ४० अंशांचं, थर्मामीटरने मोजून. ४३ च्या वर पिशवी आतून भाजते आणि ते दोन दिवसांनी कळतं. दिवसातून एकदा पिशवी पूर्ण रिकामी झाली पाहिजे. नाही झाली तर आतलं आंबतं आहे, वर आणखी भरवू नका, पशुवैद्यकाला दाखवा.

चार-पाच आठवड्यांत पिलं बाहेर येतात. बाहेर आली म्हणजे खायला लागली असं नाही. सात ते दहा आठवड्यांपर्यंत बाप भरवतो. या काळात वजन रोज घ्या आणि वाटी जमिनीवर, पसरट ठेवा. याच टप्प्यावर लोक पिलं विकून टाकतात किंवा मोठ्या पिंजऱ्यात सोडतात, आणि दाण्यांच्या ढिगावर बसून पिलू उपाशी मरतं.

टप्पा १०: पेटी काढणं

वर्षाला दोन खेपा, त्याहून जास्त नाही. तिसरी घेतलेल्या मादीची हाडं ठिसूळ होतात आणि पुढच्या वर्षी ती अंडं अडकून जाते.

पिलं बाहेर आल्यावर पेटी धुऊन, उन्हात आठवडाभर वाळवून, कोरड्या जागी ठेवा. नर-मादी वेगळे करा. अंडं आणि मोड बंद करा, संध्याकाळची ट्यूब बंद करा. पक्षी एप्रिल-मे मध्ये फक्त जगला पाहिजे: कूलर कोरड्या उन्हात उत्तम चालतो, पण पाऊस सुरू झाल्यावर बंद करा, दमट हवेत बुरशी धरते. पिण्याचं पाणी दुपारी दोनला एकदा जास्तीचं बदला, कारण तोवर ते कोमट झालेलं असतं. वहीत प्रत्येक जोडीपुढे किती अंडी, किती भरलेली, किती फुटली, किती बाहेर आली हे चार आकडे लिहा. ऑक्टोबरमध्ये कोणती जोडी पुन्हा लावायची ते त्या चार आकड्यांवरून ठरवा.